कॉर्पोरेट कोड बुकिंगच्या वेळीच तपासा: हॉटेल साखळ्या आणि कंपन्यांच्या प्रवास विभागांना खुले पत्र

प्रति,
हॉटेल साखळ्यांचे विक्री आणि महसूल विभागप्रमुख,
तसेच कंपन्यांच्या प्रवास विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम करतो, बहुतेक वेळा रात्रपाळीला. कॉर्पोरेट कोडवर, म्हणजे एखाद्या कंपनीसाठी ठरलेल्या सवलतीच्या दरावर, झालेली बुकिंग्ज रोज माझ्या हाताखालून जातात. करार तुम्ही दोघं करता, दर तुम्ही ठरवता, कोडही तुम्हीच देता. समोर उभा असलेला माणूस त्या दराला खरोखर पात्र आहे का, हा प्रश्न मात्र तुम्ही माझ्यावर सोडला आहे. आणि तो अशा वेळी, जेव्हा त्याच्या हातात बॅग असते, रात्र झालेली असते आणि दुसरीकडे जायला त्याला जागा उरलेली नसते. ही तपासणी काउंटरवरून उचला आणि बुकिंगच्या वेळेवर न्या, ही मागणी करायला मी लिहितो आहे. पत्र खुलं ठेवलं ते अशासाठी, की दुसऱ्याच्या कंपनीचा कोड टाकून खोली घेणाऱ्यांनाही आपण काय पणाला लावतो आहोत ते कळायला हवं. आज त्यांना ते कोणी सांगत नाही. आम्हीही नाही.

हा कोड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बहुतेकांना तो दुकानातल्या कूपनसारखा वाटतो: ज्याच्या हाती पडेल त्याचा. प्रत्यक्षात त्याच्यामागे दोन पक्षांचा लेखी करार असतो. कंपनी म्हणते, आमची माणसं वर्षभरात तुमच्याकडे साधारण इतक्या रूम नाइट्स (एक खोली एका रात्रीसाठी घेतली की एक रूम नाइट) काढतील. हॉटेल म्हणतं, मग त्यांना या दराने खोली देऊ. वर्षाच्या उत्तरार्धात कंपन्या प्रस्ताव मागवतात, घासाघीस होते आणि बहुधा जानेवारीपासून नवे दर लागू होतात. दर दोन तऱ्हेचे असतात. एकात वर्षभरासाठी आकडा पक्का असतो. दुसऱ्यात त्या त्या दिवशीच्या खुल्या, म्हणजे कोणालाही मिळणाऱ्या, दरावर ठरावीक टक्के सूट मिळते. भरपूर प्रवास करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना बहुतेक वेळा पहिला मिळतो, लहानांना दुसरा. पक्क्या दराच्या अनेक करारांत 'लास्ट रूम अव्हेलेबिलिटी'चं कलम असतं. साधी खोली एक जरी शिल्लक असली, तरी ती त्या कंपनीला ठरलेल्या दरानेच द्यायची, असा त्याचा अर्थ. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या कलमामुळे घडतं.

ही पद्धत बसली त्या काळात कोड प्रवाशाच्या हाती पडतच नसे. सेबरसारखी आरक्षण यंत्रणा १९६०च्या दशकात विमानकंपनीच्या स्वतःच्या कामासाठी उभी राहिली आणि १९७६पासून तिची टर्मिनल्स ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलांवर पोचली. हॉटेलांचे करारातले दर पुढे अशाच यंत्रणांमधून विकले जाऊ लागले. कोड टाइप करणार तो एजंट, नाहीतर कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवरचा माणूस. तो कर्मचाऱ्याला ओळखायचा, निदान मंजुरीचा कागद तरी मागायचा. तपासणीसाठी कोणी वेगळा नेमलेला नसला, तरी ती तिथेच होऊन जायची. नंतर साखळ्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर बुकिंग सुरू केलं आणि कोडची चौकट सगळ्यांसमोर मांडली. मधला माणूस गेला, त्याच्याबरोबर तपासणीही गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आणायचं राहून गेलं.

आज मॅरियट, हिल्टन, हयात, आयएचजी, कुठल्याही मोठ्या साखळीचं बुकिंगचं पान उघडा. तारखांच्या आसपास कुठेतरी विशेष दराची किंवा कॉर्पोरेट कोडची जागा सापडते. तिथे योग्य अक्षरं किंवा आकडे टाकले की दर समोर येतो. तुम्ही कोण, हे कोणी विचारत नाही. दराच्या तपशिलात, आणखी एक क्लिक केल्यावर, बारीक टाइपात एक वाक्य असतं की चेक-इनच्या वेळी पात्रतेचा पुरावा मागितला जाऊ शकतो. मागितला जाईलच असं नाही, जाणार नाही असंही नाही.

मग आम्ही पुरावा मागतो कधी? हॉटेल अर्धं रिकामं असताना क्वचितच. रिकामी राहणारी खोली थोड्या कमी दराने गेली तरी हॉटेलला ती हवीच असते, आणि विक्री विभागाला त्या खात्यावरच्या रूम नाइट्स वाढलेल्या दिसतात. त्यामुळे वरून सूचना येत नाही आणि आम्ही हसून चावी देतो. शहरात मोठं प्रदर्शन, परिषद किंवा सामना असला की सगळं बदलतं. हॉटेलचा महसूल विभाग खुला दर चढवत नेतो. पक्का कॉर्पोरेट दर मात्र होता तिथेच राहतो, आणि लास्ट रूमच्या कलमामुळे तो बंदही करता येत नाही. समजा पक्का दर १०० आहे आणि त्या रात्रीचा खुला दर २५०. अपात्र माणसाला कोडवर दिलेली प्रत्येक खोली हॉटेलला १५०चा फटका देते. अशा दिवशी सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलं जातं की आज या या दरांवर कंपनीचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय चेक-इन करायचं नाही, पुरावा नसेल तर आजचा दर लावायचा.

हेच आता प्रवाशाच्या बाजूने पाहा. एरवी कोडने वाचणारी रक्कम बेताची असते. सर्वांत जास्त पैसे वाचताना दिसतात ते याच गर्दीच्या तारखांना, म्हणून कोड वापरायचा मोहही तेव्हाच होतो. आम्ही कडक होतो तेही याच तारखांना. आणि पुरावा नसला तर जो दर भरावा लागतो, तो वर्षातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी असतो. "मी कितीदा वापरला, कधी कोणी विचारलं नाही," असं लोक एकमेकांना सांगतात ते खोटं नसतं. ते शांत दिवसांचे अनुभव असतात. गर्दीच्या रात्रीला ते लागू पडत नाहीत, पण हे त्यांना कळणार कसं? सूचना कधी निघते ते आम्हालाच ठाऊक असतं.

अशाच एका रात्रीचं सांगतो. परिषदेमुळे शहरातली हॉटेलं भरून गेली होती. एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि लॉबीतल्या सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगणारी मुलगी. बुकिंग तीन रात्रींचं, एका मोठ्या कंपनीच्या पक्क्या दरावर. मी ओळखपत्र मागितलं, त्यांनी सरकारी ओळखपत्र पुढे केलं. म्हटलं, हे झालं, आता कंपनीचं लागेल. ते मोबाइलमध्ये शोधू लागले. एकच पान वर-खाली सरकवत होते, त्यात काही सापडणार नव्हतं. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मेहुणा आहे त्या कंपनीत. त्यानेच कोड दिला. म्हणाला, चालतं." मेहुण्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. ड्यूटी मॅनेजर आले, त्यांनी आवाज न चढवता नियम सांगितला. मी दर बदलला आणि नव्या बेरजेची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बायकोला आकडा दिसू नये म्हणून ते स्क्रीनच्या आड उभे राहिले. एका रात्रीचे पैसे दोन कार्डांवर विभागून भरले आणि पुढच्या दोन रात्रींसाठी सकाळी दुसरीकडे बघतो म्हणाले.

ती लबाड माणसं नव्हती. बुकिंग करताना त्यांना "तुम्ही या कंपनीत काम करता का?" एवढा एक प्रश्न सरळ विचारला असता, तर त्यांनी "नाही" म्हटलं असतं आणि परवडेल अशी दुसरी खोली शोधली असती. तेव्हा ती मिळतही होती.

रद्द करण्याच्या मुदतीचाही यात मोठा भाग आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कोडवरच्या बुकिंगला बहुधा आगाऊ पैसे लागत नाहीत, कार्ड फक्त हमीसाठी घेतलं जातं. फुकट रद्द करण्याची मुदत मुक्कामाच्या दिवशी संध्याकाळी किंवा एक-दोन दिवस आधीच संपते. म्हणजे काउंटरवर आम्ही दर नाकारतो तेव्हा ती उलटून गेलेली असते. पाहुण्याने एकतर चढा दर भरून राहायचं, नाहीतर निघून जायचं. निघून गेला तर उशिरा रद्द केल्याबद्दल किंवा नो-शो (बुकिंग करून न आलेला) म्हणून एका रात्रीचे पैसे त्याच्या कार्डावरून जाऊ शकतात. पुढे त्याने बँकेकडे तक्रार केली की हॉटेल ते बारीक टाइपातलं वाक्य पाठवून देतं. पात्र नसताना दर घेतला हे त्याला नाकारता येत नाही, त्यामुळे एरवी ग्राहकाची बाजू जिथे भक्कम ठरली असती तिथेही ती लंगडी पडते.

इथवर वाचून कंपन्यांचे प्रमुख म्हणतील, हे बाहेरच्यांचं झालं, आमची माणसं तर पात्रच आहेत. पण काउंटरवर अडकणाऱ्यांत मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते मधल्या लोकांचं, आणि ते तुमच्याशी जोडलेले असतात. तुमचाच कर्मचारी सुट्टीवर येतो. दर फक्त कामाच्या प्रवासासाठी आहे की खासगी मुक्कामालाही चालतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. काही करारांत चालतं, काहींत चालत नाही. कधी त्याची बायको मुलांना घेऊन आदल्या दिवशी पोचते आणि ओळखपत्र त्याच्या खिशात, दुसऱ्या शहरात असतं. नोकरी सोडून गेलेल्या बाईच्या मोबाइलमध्ये जुन्या कंपनीचा कोड तसाच साठवलेला असतो आणि सवयीने तोच टाकला जातो. एखादा सल्लागार तुमच्याच कामासाठी, तुमच्याच कार्यालयात आलेला असतो. तुमच्या कुठल्याशा मॅनेजरने ईमेलमध्ये "आमचा कोड वापरा" असं त्याला लिहिलेलं असतं, पण करारात बाहेरच्या सल्लागारांचा उल्लेखच नसतो. कंत्राटी कर्मचारी एजन्सीचं ओळखपत्र दाखवतो आणि कोड तुमचा असतो.

यांतल्या कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही, हे रात्री मी ठरवायचं. तुमचा करार माझ्यासमोर नसतो. माझ्यासमोर दराखालची दोन ओळींची टीप असते, कधी तीही नसते. सल्लागाराचा ईमेल मी मान्य करतो, माझा सहकारी करत नाही, आणि नियम धरून दोघांनाही चूक म्हणता येत नाही. त्याच माणसाला मागच्या महिन्यात हो आणि या महिन्यात नाही ऐकायला मिळतं. तो चिडतो तेव्हा त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसतं.

नोकरदाराने स्वतःच्या कंपनीचा कोड नियमाबाहेर वापरला, किंवा मित्राला दिला, तर हॉटेलच्या दराचा प्रश्न किरकोळ ठरू शकतो. ठरावीक काळाने हॉटेल कंपनीला अहवाल पाठवतं. या कोडवर किती रूम नाइट्स झाल्या, कोणत्या हॉटेलात, कोणत्या तारखांना. काही ठिकाणी पाहुण्यांची नावंही जातात. शनिवार-रविवारचा मुक्काम, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, कंपनीचं कार्यालयच नसलेलं पर्यटनस्थळ, हे बघणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. मित्राचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत सापडलं नाही की कोड कोणी दिला याचा शोध सुरू होतो, आणि तो शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जाऊ शकतो. काही खात्यांवर बिल थेट कंपनीकडे पाठवायची सोय असते. अशा खात्यावर चुकून का होईना बाहेरच्याचं बिल चढलं, तर कंपनीच्या लेखी ती सवलत उरत नाही, अफरातफर होते.

लॉयल्टी खात्याचं, म्हणजे मुक्कामांवर पॉइंट्स देणाऱ्या साखळीच्या सदस्य खात्याचंही तसंच. मोठ्या साखळ्यांच्या अटींत लिहिलेलं असतं की खोटी माहिती देऊन किंवा फसवणूक करून लाभ घेतल्याचं आढळलं तर खातं बंद करण्याचा आणि साठलेले पॉइंट्स रद्द करण्याचा हक्क साखळीकडे आहे. वर्षानुवर्षं जमवलेले पॉइंट्स एका मुक्कामाच्या सवलतीपायी जाऊ शकतात. आणि पुरावा आमच्याच यंत्रणेत असतो, कोणत्या तारखेला कोणता कोड वापरला तो. एकाच माणसाच्या मुक्कामांवर वेगवेगळ्या चार कंपन्यांचे कोड दिसले, तर तो काय सांगणार?

कोडवर आलेल्या पाहुण्याच्या आरक्षणावर त्या कंपनीचं नाव असतं. खातं महत्त्वाचं असेल तर आमचे सेल्स मॅनेजर सकाळी लॉबीत येऊन ओळख करून घेतात. "कोणत्या विभागातून आलात? काम कसं चाललंय?" हातात कपबशी धरून उत्तर जुळवणारी माणसं मी पाहिली आहेत. सोबत मुलं असतात, ती वडिलांच्या तोंडाकडे बघत असतात. कितीही पैसे वाचले तरी या प्रसंगाची भरपाई होत असेल असं मला वाटत नाही.

यापुढची पायरी सर्वांत धोक्याची. पुरावा मागतात हे कळल्यावर काही जण पुरावा तयार करतात. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र, व्हिजिटिंग कार्ड, ओळखपत्राचा फोटो. माझ्यासमोर आलेल्या एका पत्रावर सही करणाऱ्याचं पद होतं, नावच नव्हतं. इथे गोष्ट दराच्या वादातून बाहेर पडते. बनावट कागद दाखवून आर्थिक लाभ उकळणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, रक्कम लहान म्हणून तो गुन्हा राहत नाही असं नाही. खोली थोडी स्वस्त मिळावी म्हणून कोणी एवढ्या टोकाला जावं, याचं मला दरवेळी दुःख होतं.

आणि मध्यस्थ. "कॉर्पोरेट दराने खोली काढून देतो," म्हणणारे. पैसे ते स्वतःच्या खात्यात घेतात, बुकिंग कुठल्यातरी कोडवर करतात आणि कार्ड लावतात ते कोणाचं तरी चोरलेलं. कन्फर्मेशन नंबर खरा असतो. पाहुण्याने हॉटेलला फोन करून विचारलं तरी बुकिंग सापडतं, म्हणून तो निर्धास्त असतो. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, तोवर पाहुणा आमच्या खोलीत मुक्कामाला असतो. हॉटेल पैसे त्याच्याकडेच मागणार, वेळ पडली तर पोलिसांनाही बोलावणार. मध्यस्थाचा फोन तोपर्यंत बंद झालेला असतो. त्याच्याकडे बुकिंगसाठी म्हणून पाठवलेली पासपोर्टची प्रत पुढे कुठे फिरेल, याचाही नेम नाही.

कंपन्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. कोड बाहेर फुटतो त्याला बऱ्याचदा तुम्ही स्वतः कारण असता. प्रवास धोरणाची पीडीएफ कोणालाही उघडेल अशी ठेवलेली असते आणि तिच्यात प्रत्येक साखळीचा कोड असतो. मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराच्या ईमेलात तोच, परिषदेच्या निमंत्रणातही तोच. करार नवा होतो, कोड जुनाच राहतो. रूम नाइट्स वाढल्या म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. पण पुढच्या वाटाघाटीआधी हॉटेलचा महसूल विभाग तुमच्या खात्याचा हिशेब काढतो, तेव्हा त्याला दिसतं की मुक्काम गर्दीच्या तारखांना आणि आठवडाअखेरीला जास्त आहेत, कामाच्या दिवशी कमी. मग पक्का दर जाऊन टक्क्यांची सूट येते, किंवा लास्ट रूमचं कलम निघतं. पुढे तुमच्याच माणसाला ऐन गर्दीत कामासाठी त्या शहरात जावं लागलं, की किंमत त्याला मोजावी लागते.

भूकंप, पूर, हल्ला असं काही घडलं की कंपनी आपली माणसं कुठे आहेत ते शोधते. बाहेरच्यांनी कोड वापरलेला असेल तर हॉटेलकडून येणाऱ्या नावांत अनोळखी माणसं निघतात आणि त्यांच्यामागे वेळ जातो. याहून गंभीर गोष्ट उलट बाजूची आहे. तुमच्याच कर्मचाऱ्याने अधिकृत प्रणाली टाळून नुसता कोड टाकून खोली घेतली असेल, तर तुमच्या यादीत त्याचं नावच नसतं. त्याला वाटत असतं की कंपनीचा कोड लावला म्हणजे कंपनीला ठाऊक आहे.

आता माझ्याच क्षेत्रातल्या वरिष्ठांशी बोलतो. पात्रता आधी तपासणं अवघड आहे, असं आपण म्हणत आलो. मग आपल्याच कर्मचाऱ्यांच्या सवलतीचं आपण काय करतो? बऱ्याच मोठ्या साखळ्यांत त्यासाठी अधिकृत फॉर्म लागतो. तो नसेल तर दर मिळणार नाही, हे कर्मचाऱ्याला निघण्याआधी पक्कं माहीत असतं. अमेरिकेत सरकारी प्रवासाच्या निवासखर्चाची मर्यादा जीएसए ही सरकारी संस्था १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षासाठी जाहीर करते. हे आकडे कोणालाही पाहता येतात. तरी हॉटेलात सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या दराने खोली घेणारा माणूस ओळखपत्र दाखवावं लागणार हे धरूनच घरातून निघतो. म्हणजे जमवायचं ठरवलं तिथे आपण जमवलं आहे. कॉर्पोरेट कोडच्या बाबतीत ठरवलं नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण तांत्रिक नाही. मंद दिवसांत या ढिलाईमुळे खोल्या भरतात. ते उत्पन्न आपण घेतो आणि गर्दीच्या रात्री त्याच लोकांना नियम दाखवतो. याला मी अन्याय म्हणतो. तो माझ्या हातून करवून घेतला जातो, म्हणून मला तो सांगावासा वाटला.

कोड टाकल्यावर कंपनीच्या ईमेल पत्त्यावर पडताळणीची लिंक पाठवा आणि ती उघडल्याशिवाय बुकिंग पक्कं करू नका. एकदा पडताळणी झाली की लॉयल्टी खात्यावर मुदतीसह नोंद ठेवा, मुदत संपली की पुन्हा विचारा. नोकरी सोडलेल्यांचा प्रश्न तिथेच सुटेल. ज्या कंपन्यांची स्वतःची बुकिंग प्रणाली आहे, त्यांचे पक्के दर फक्त त्या प्रणालीत दिसू द्या, सर्वांसाठी उघड्या चौकटीत नको. सल्लागार आणि उमेदवार यांच्यासाठी कंपनीने नाव आणि तारखा घालून वेगळी परवानगी द्यावी आणि ती आमच्या स्क्रीनवर दिसावी. खासगी मुक्काम, कुटुंबीय, कंत्राटी कर्मचारी यांना दर चालतो की नाही, हे करारात एकेका ओळीत लिहा आणि तीच ओळ कर्मचाऱ्यांनाही पाठवा.

हे सगळं बसायला वेळ लागेल, मला कल्पना आहे. तोवर दोन गोष्टी लगेच करता येतील. कार्डाचा क्रमांक मागण्याआधी, मोठ्या अक्षरांत, दराच्या शेजारीच लिहा की चेक-इनला या कंपनीचं ओळखपत्र दाखवावं लागेल आणि नसेल तर हा दर मिळणार नाही. आणि काउंटरवर दर नाकारावा लागला, तर पाहुण्याला त्याने बुकिंग केलं त्या दिवशी उपलब्ध असलेला खुला दर द्या, किंवा काहीही न कापता जाऊ द्या. यात खोटं बोलणाऱ्याचं फावेल अशी शंका तुम्ही घ्याल. पण त्याला सवलत मिळतच नाही. खुला दर तो भरतोच, फक्त रात्री उशिराच्या अडचणीचा जादा भार त्याच्यावर पडत नाही. बनावट कागद आणणाऱ्याला यातून वगळा, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

प्रवाशांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगतो. कोड टाकण्याआधी साखळीचा सदस्यांसाठीचा दर पाहा. सदस्यत्व फुकट असतं, आणि टक्क्यांच्या सवलतीचा कोड असेल तर दोन्हींतला फरक पुष्कळदा अगदी थोडा निघतो. स्वतःच्याच कंपनीचा कोड खासगी मुक्कामाला वापरायचा असेल तर प्रवास विभागाला ईमेल करून विचारा आणि उत्तर मोबाइलमध्ये जवळ ठेवा. असं उत्तर दाखवणाऱ्या पाहुण्याला मदत करणं मला सोपं जातं. दुसऱ्याच्या कोडवर आधीच बुकिंग केलं असेल, तर रद्द करण्याची मुदत शिल्लक असताना ते बदलून घ्या. मुदतीच्या आत बदल केला तर काही कापलं जात नाही.

नव्या वर्षाच्या करारांची बोलणी सुरू होतील तेव्हा दोन्ही बाजूंच्या टेबलावर हे कलम ठेवावं, अशी माझी विनंती आहे: "या दराची पात्रता बुकिंगच्या वेळी तपासण्याची जबाबदारी हॉटेल आणि कंपनी यांची राहील. अशी तपासणी न करता स्वीकारलेल्या बुकिंगवर, बनावट कागदपत्रं दिली नसल्यास, चेक-इनच्या वेळी पाहुण्याकडून त्या दिवशीचा वाढीव दर किंवा रद्द करण्याचं शुल्क घेतलं जाणार नाही."

आपला,
फ्रंट ऑफिसमधला एक कर्मचारी